गाबोरोनचं धरण आणि नळाचं पाणी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोत्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनला, नोकरीसाठी येणारी मराठी मंडळी विमानतळावरून घरी येईपर्यंत दोन गोष्टी विचारतात. घरभाडं किती, आणि पाणी येतं का? भाड्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. पाण्याचं देता देता घर येतं आणि तरी ते संपलेलं नसतं. शिवाय करमाळ्याहून आमची आत्या दर रविवारी फोन करून "तुमचं धरण किती टक्के?" म्हणून विचारते. तिला उजनीची सवय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

हे धरण नेमकं कुठे आहे?

शहराला लागूनच, दक्षिणेला. नोटवाने नदीवर. ही नदी पुढे लिंपोपोला मिळते. शहराच्या कडेला खाले नावाची टेकडी आहे (रोमन लिपीत 'Kg' किंवा 'G' लिहितात, पण त्स्वाना भाषेत तो घशातून 'ख'सारखा निघतो, गाबोरोनलासुद्धा इथली माणसं 'खाबोरोने' म्हणतात, आणि घाईत असतील तर नुसतं 'गॅब्स'). रविवारी सकाळी अर्धं शहर ती टेकडी चढतं. वर पोहोचलात की पलीकडे धरणाचं पाणी दिसतं. किती दिसतं, ते साल कोणतं आहे त्यावर.

केवढं आहे? खडकवासल्याएवढं?

खडकवासल्याहून मोठं, पानशेतहून लहान. पूर्ण भरलं तर १४१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम ५ टीएमसी. खडकवासला २ टीएमसीच्या आसपास, पानशेत साडेदहाच्या पुढे. नाशिककरांसाठी सांगायचं तर गंगापूर धरणापेक्षा थोडं कमी.

भिंत मातीची आहे. १९६३-६४ मध्ये बांधली आणि ऐंशीच्या दशकात उंची वाढवली, तेव्हा साठा एवढा झाला. आपल्याकडच्या घाटातल्या धरणांसारखं दोन डोंगरांच्या मधे कोंडलेलं खोल पाणी डोळ्यांसमोर आणू नका. इथली जमीन सपाट आहे, त्यामुळे पाणी पसरट थाळीत ओतल्यासारखं पसरतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

राजधानी पाण्यासाठी इथे आणली, हे खरं आहे?

बऱ्याच अंशी खरं. ३० सप्टेंबर १९६६ ला हा देश स्वतंत्र झाला. त्याआधी ब्रिटिशांच्या काळात याचं नाव बेचुआनालँड, आणि गंमत म्हणजे त्याचा कारभार चालायचा माफेकिंगहून, जे गाव देशाच्या हद्दीतच नव्हतं. ते दक्षिण आफ्रिकेत. स्वातंत्र्य दिसू लागलं तशी राजधानी देशात आणणं भाग पडलं. लोबात्से या दुसऱ्या गावाचंही नाव चर्चेत होतं. पण तिथे पाण्याची अडचण. गाबोरोनला रेल्वे होती, सरकारी जमीन होती, कुठल्या एका जमातीची मिरास नव्हती आणि नोटवानेवर धरण बांधता येण्याजोगी जागा होती.

म्हणजे आधी धरण, मग शहर. माळरानावर दोन-तीन वर्षांत राजधानी उभी राहिली. आखताना ती वीसेक हजार माणसांसाठी होती. आज नुसत्या शहरात अडीच लाखांच्या आसपास लोक आहेत, आणि आजूबाजूची वाढलेली गावं वेगळी. धरण मात्र उंची वाढवून झाल्यावर तेवढंच राहिलं.

नदी बारा महिने वाहत नाही म्हणता, मग धरण भरतं कसं?

एकदम. किंवा नाहीच.

नोटवाने वर्षातला बराच काळ वाळूचा पट्टा असते. इथल्या पूर्वेकडच्या जवळपास सगळ्या नद्या तशाच. पुलावरून जाताना खाली बघाल तर गाईंच्या पावलांचे ठसे दिसतील. पाणी असतं ते वाळूच्या पोटात. खेड्यांत माणसं नदीच्या पात्रात खड्डा खणून पाणी काढतात. माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना झिरा माहीत आहे.

पाऊस नोव्हेंबर ते मार्च. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी चारला आभाळ काळं होतं, तासभर धो धो कोसळतं, साडेपाचला ऊन. अशा पावसाचं पाणी तापलेली जमीन पिऊन टाकते. धरणात येवा यायचा तर दोन-तीन दिवस लागोपाठ चांगला पाऊस हवा, जमीन भिजून तृप्त व्हायला हवी, मग नदी 'येते'. तसं काही वर्षं होतच नाही. आणि मग एखाद्या वर्षी मोझांबिकच्या किनाऱ्यावरचं चक्रीवादळ आत शिरतं आणि दोन आठवड्यांत चार वर्षांची कसर भरून काढतं.

पाऊस आमच्या दुष्काळी तालुक्यांएवढा पडतो ना? मग एवढी ओरड का?

हा प्रश्न सातारा-सोलापूरकडची माणसं विचारतात, आणि रास्त विचारतात. गाबोरोनला वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. देशाच्या नैर्ऋत्य टोकाला तो २५० पर्यंत उतरतो, ईशान्येला चोबेकडे साडेसहाशेपर्यंत चढतो. आकडा तुमच्या ओळखीचा आहे, कबूल.

फरक पडतो तो वर जाणाऱ्या पाण्याने. उघड्या पाण्यावरून इथे वर्षाला साधारण २ मीटर बाष्पीभवन होतं. म्हणजे आभाळ देतं अर्धा मीटर आणि मागून घेतं दोन मीटर. आता ती पसरट थाळी आठवा. १ चौरस किलोमीटर पाण्यावरून २ मीटरचा थर उडाला की २०० कोटी लिटर गेले. माणशी रोज १०० लिटर धरले तर एवढ्या पाण्यात जवळजवळ ५५ हजार माणसांचं वर्ष निघतं. हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. धरणाचा पसारा त्याच्या कितीतरी पट.

म्हणून इथे 'भरलेलं धरण' या शब्दांवर फार विसंबू नये. मार्चमध्ये ते भरलं म्हणून पेढे वाटले, तरी ऑक्टोबरपर्यंत नळ न उघडतासुद्धा ते बरंच खाली जातं. लातूरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "झाकण घालता येत नाही का हो?" विनोदाने विचारलं होतं, पण प्रश्न तोच आहे.

२०१५ मध्ये धरण आटलं होतं म्हणतात. खरंच आटलं होतं?

हो. शहर वसल्यापासून पहिल्यांदाच. साठा ५ टक्क्यांच्या खाली गेला आणि धरणातून उपसा करणं थांबलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'धरण नापास झालं' अशा अर्थाचा शब्द वापरला. आत्याने फोनवर विचारलं, "मायनसमध्ये गेलं का?" तिला वाटलं उजनीसारखं असेल. उजनीत उपयुक्त साठ्याच्या खाली ६० टीएमसीच्या पुढे मृत साठा आहे, म्हणून शून्याच्या खालीही तिथे मोजायला पाणी उरतं आणि सोलापूरकर उणे टक्केवारी ऐकत उन्हाळा काढतात. इथे शून्याच्या खाली चिखल होता.

तो चिखल मी पाहिला आहे. टेकडीवरून नेहमी निळं दिसणारं सगळं त्या वर्षी तपकिरी होतं, आणि कडेपासून आत आत जाणारे पट्टे दिसायचे, चहाच्या कपात वाळलेल्या चहाचे असतात तसे. प्रत्येक पट्टा म्हणजे पाण्याने एकेक मुक्काम करून मागे घेतलेलं पाऊल. मधे कुठेतरी वितळलेल्या शिशासारखा एक तुकडा चमकत होता. तेवढंच पाणी.

एका वर्षात हे झालं नाही. त्याआधीची काही वर्षं येवा कमीच होता, शहर वाढत होतं, आणि उन्हाने आपला वाटा कधी सोडला नाही. २०१५-१६ चा एल निनो त्यात पडला. त्याच एल निनोच्या वर्षी मराठवाडा होरपळत होता. एकाच दिवशी मी इथे बादलीने अंघोळ करून गावाकडे फोन करायचो आणि तिकडेही टँकरचंच बोलणं चाललेलं असायचं.

घरात आम्ही काय केलं? तेच, जे आपल्या आयांनी केलं. बाथटबचं पहिल्यांदा सोनं झालं. तो अंघोळीचा राहिला नाही, हौद झाला. भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपडे धुतलेलं अंगणातल्या लिंबाला. शेजारच्या बाईंनी, म्हणजे इथल्या रीतीने 'म्मा'नी, एक दिवस आमच्या लेकीला ओट्यावर तांब्याने पाणी घेऊन भांडी विसळताना पाहिलं आणि त्या हसून म्हणाल्या की आमची आजीही अशीच विसळायची.

मग शहर चाललं कसं?

नळीवर. हे धरण शहराच्या पोटाशी आहे खरं, पण शहराचा जीव आता उत्तरेकडून येणाऱ्या एका लांबलचक पाइपलाइनमध्ये अडकलेला आहे. तिला 'नॉर्थ-साउथ कॅरियर' म्हणतात. मोटलाउत्से नदीवरच्या लेत्सिबोगो धरणातून निघून ती सुमारे ३६० किलोमीटर खाली गाबोरोनपर्यंत येते. पहिला टप्पा २००० साली पुरा झाला. लेत्सिबोगोचा साठा १०० दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेतीन टीएमसी. त्याच्या पुढे ईशान्येला डिकखाट्लॉन्ग धरण झालं, ते ४०० दशलक्ष घनमीटरचं, देशातलं सर्वांत मोठं, १४ टीएमसी. पावसाची खात्री त्या बाजूला जरा जास्त, जागाही बऱ्या. वस्ती आणि तहान मात्र दक्षिणेच्या कोपऱ्यात.

शहराच्या उत्तरेला म्मामाशिया इथे हे पाणी शुद्ध होतं आणि मग नळाला येतं. याशिवाय जवळचं छोटं बोकआ धरण आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या मोलाटेडी धरणातून करारानुसार येणारा वाटा आहे (वर्षाला जास्तीत जास्त ७३ लाख घनमीटर, आणि त्यांच्याकडे टंचाई असेल तर त्यात कपात), आणि अलीकडे मासामा भागातल्या विंधनविहिरींचं पाणी १०० किलोमीटर पाइपातून आणलं आहे.

एवढ्या लांबच्या नळीची दुखणी लांबच असतात. मधे कुठे पाइप फुटला की राजधानी कोरडी. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पुन्हा राजधानी कोरडी. २०१५ च्या आगेमागे विजेचं भारनियमनही जोरात होतं. म्हणजे दिवा गेला की सवयीने बादली शोधायची. नव्याने आलेल्यांना या दोन गोष्टींचा संबंध कळायला आठवडाभर लागतो.

३६० किलोमीटरवरून पाणी? एवढं लांबून परवडतं?

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, आठवतं? 'जलदूत'. तेही अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. गाबोरोनसाठी ते अंतर रोजचं आहे, आणि टीव्हीवर कोणी दाखवत नाही, कारण ते जमिनीखालून येतं.

परवडतं का, हा प्रश्न हिरे सापडण्याआधी विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले, १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली, आणि एका गरीब कोरड्या देशाच्या हातात पैसा आला. तो त्यांनी रस्ते, शाळा, दवाखाने आणि पाण्याच्या नळ्यांमध्ये घातला. देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर. माणसं मात्र २०२२ च्या जनगणनेत चोवीस लाखांच्या आत, पुणे शहराहूनही कमी. एवढ्या विरळ वस्तीला नळ पोहोचवायचा म्हणजे माणशी पाइप किती लागत असेल, याचा हिशेब मी एकदा करायला बसलो आणि सोडून दिला.

वरच्या लोकांनी पाणी अडवलंय म्हणून धरण भरत नाही, असं ऐकलं.

ऐकलंत ते नवीन नाही, जायकवाडीच्या काठचा माणूस हेच सांगेल.

नोटवानेच्या पाणलोटात गुरांसाठी आणि शेतीसाठी बांधलेली लहानमोठी शेकडो तळी-बंधारे आहेत. पावसाळ्याचा पहिला येवा आधी ती भरतात आणि मग जे उरेल ते धरणाकडे येतं. चांगल्या वर्षी त्याने फारसं बिघडत नाही. पण कमी पावसाच्या वर्षी, नेमकं गरज असते तेव्हाच, तो पहिला येवाच काय तो एकमेव येवा असतो.

आता दुसरी बाजू. इथे माणसाची पत गुरांवरून ठरते. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना 'बोगादी' म्हणून गाई द्यायच्या, सरकारी नोकरीतला साहेबही शनिवारी-रविवारी आपल्या गुरांच्या वाडीवर जाणार. त्या गुरांना पाणी कुठून पाजायचं? राजधानीतल्या बागा हिरव्या राहाव्यात म्हणून वरच्या गावाने बांध फोडायचा, हे कुठल्या तोंडाने सांगणार? नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे कायदा आहे, प्राधिकरण आहे, न्यायालयाचे निकाल आहेत, आणि तरी दरवर्षी भांडण आहे. त्यामुळे या प्रश्नावर मी तरी शहाणपणा शिकवत नाही.

ओकावांगोला एवढं पाणी आहे, ते का आणत नाहीत?

नकाशा पाहून सगळ्यांनाच हे सुचतं. वायव्येला भलामोठा हिरवा पंजा दिसतो. अंगोलाच्या डोंगरातून निघालेली नदी नामिबियाचा कोपरा ओलांडून बोत्स्वानात येते आणि समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. हत्ती, पाणघोडे, लाखो पक्षी. २०१४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली, यादीतली बरोबर हजारावी जागा म्हणून.

एक तर ती रस्त्याने ९०० किलोमीटरच्या आसपास आहे. दुसरं, ती एकट्या बोत्स्वानाची नाही. १९९४ पासून तिन्ही देशांचा मिळून एक आयोग आहे, आणि त्यात कुणी एकाने मनाला येईल तसं पाणी उचलायचं नाही. तिसरं, हिऱ्यांखालोखाल देशाला पैसा देणारं पर्यटन त्याच पाण्यावर उभं आहे.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ओकावांगोच्या दक्षिण भागातली बोरो नदी उकरून, धरणं-कालवे करून पाणी वळवायची एक योजना सरकारने केली होती. जानेवारी १९९१ मध्ये माउनच्या खोटलात, म्हणजे गावाच्या चावडीवर, लोक जमले आणि त्यांनी मंत्र्यांसमोर ठाम विरोध केला. सरकारने काम थांबवलं, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, आणि योजना बासनात गेली. चावडीवरच्या बैठकीने यंत्रं थांबली, ही गोष्ट मी आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या चळवळीतल्या एका स्नेह्यांना सांगितली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

लेसोथोच्या डोंगरातून दक्षिण आफ्रिका ओलांडून पाणी आणायच्या योजनेचा अभ्यास चालू असतो, चोबे-झांबेझीकडूनही आणायचं बोललं जातं. दोन्ही शेकडो किलोमीटरच्या गोष्टी.

समुद्राचं पाणी गोडं करून?

देशाला समुद्रच नाही. पुढचा प्रश्न.

सांडपाणी शुद्ध करून पिण्याला वापरतात का?

शेजारच्या नामिबियात वापरतात. विंडहुक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा नळाला सोडतं आहे, आणि जगात यात त्यांचा हात पहिला. गाबोरोनला शुद्ध केलेलं सांडपाणी शेती-बागांसाठी वापरतात. ग्लेन व्हॅलीला त्यावर भाजीपाला होतो. पिण्यासाठी नाही. हे सांगितलं की नवीन आलेल्या माणसाचा चेहरा एकदम सैल पडतो. मला स्वतःला विंडहुकचं पाणी प्यायला काही वाटणार नाही. नदीकाठच्या वरच्या शहराचं सांडपाणी खालचं शहर पितच असतं. विंडहुकवाले निदान मधे चाळणी लावतात.

मग २०१५ नंतर धरण पुन्हा भरलं का?

भरलं, आणि असं भरलं की लोकांचा विश्वास बसेना. फेब्रुवारी २०१७. डिनेओ नावाचं वादळ १५ तारखेला मोझांबिकच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचे ढग आत आत येत इथवर पोहोचले. त्याआधीच जमीन चांगली भिजलेली होती. नोटवाने आली. तपकिरी, फेसाळ, झाडांच्या फांद्या वाहून आणणारी. रोज टक्केवारी वाढल्याचे मेसेज फिरायचे आणि शेवटी शंभर टक्के, सांडवा वाहू लागला. अनेक वर्षांनी.

त्या शनिवारी टेकडीवर एवढी गर्दी होती की वाटेवर रांग लागली. माणसं वर पोहोचत होती, पाण्याकडे बघत होती आणि एकमेकांना तो एकच शब्द म्हणत होती. पुला.

'पुला' म्हणजे पैसे ना?

पैसेही. मूळ अर्थ पाऊस. २३ ऑगस्ट १९७६ ला देशाने दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन काढलं आणि त्याला 'पुला' नाव दिलं. सुट्टे म्हणजे 'थेबे', अर्थ ढाल. शंभर ढालींचा एक पाऊस. राजचिन्हावर ब्रीद म्हणून एकच शब्द लिहिलेला आहे: पुला. झेंड्याचा निळा रंगही पावसाचाच. सभेत पुढाऱ्याचं भाषण संपलं की तो "पुला!" म्हणतो आणि सगळा मंडप "पुला!" म्हणून ओरडतो. जुन्या काळी पाऊस पाडणं हे राजाचं काम समजलं जाई. पाऊस पाडणाऱ्याला 'मोरोका' म्हणत.

आल्यावर पहिल्या आठवड्यात भाजीवालीने "पाच पुला" म्हटलं तेव्हा मी नुसतं नाणं दिलं. अर्थ कळल्यावर, पुढच्या खेपेला, नाणं हातात घेऊन क्षणभर थांबलो.

नव्याने येतोय. घरात पाण्याची काय सोय करू?

घर बघताना स्वयंपाकघर नंतर बघा, आधी मागच्या अंगणात जा. तिथे हिरवी, गोल, प्लॅस्टिकची मोठी टाकी दिसायला हवी. तिला इथे सगळे 'जोजो' म्हणतात. कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही टाकीला सिंटेक्स म्हणतात तसंच. जोजो असेल तर तिला पंप आहे का ते विचारा. पंप नसेल तर टाकी भरलेली असून शॉवर कोरडा, अशी वेळ येते. घरमालक "असतं पाणी, कधीतरीच जातं" म्हणाले तर त्या 'कधीतरी'चा अर्थ शेजाऱ्यांना विचारा.

पाणी खंडित होणार असेल तर बहुतेक वेळा आधी निरोप येतो. एकदा आमच्याकडे निरोप न येता चार दिवस नळ कोरडा होता आणि घरी पाहुणे. तेव्हापासून स्वयंपाकघरात पंचवीस लिटरचे दोन कॅन कायम भरलेले असतात. महिन्यातून एकदा ते झाडांना ओतून पुन्हा भरायचे. टंचाईच्या काळात पाइप लावून गाडी धुणं, बागेला नळाचं पाणी मारणं यावर बंदी असते. ती मनावर घ्या. शेजारी बघत असतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

नळाचं पाणी पिण्याजोगं असतं का?

शुद्ध करूनच येतं, आम्ही पितो. खंडानंतर येणारं पहिलं पाणी मात्र गढूळ असतं. ते बादलीत धरून बाजूला ठेवा, फरशी पुसायला चालतं. आत्या म्हणते उकळून घ्या. उकळून घेतो.

धरणात पोहता येतं का? मुलांना नेऊ का?

पोहायचं नाही. मगरी आहेत. आणि मगर दिसली नाही म्हणजे ती नाही, असं समजायचं नसतं. शिवाय या भागातल्या साचलेल्या पाण्यात बिल्हार्झियाची, म्हणजे गोगलगायीतून पसरणाऱ्या कृमींची भीती असते. मुलांना टेकडीवर न्या, वरून दाखवा. माकडांपासून डबा सांभाळा.

टक्केवारी किती असली की निर्धास्त राहायचं?

पाण्याचं महामंडळ, जे १९७० पासून आहे, धरणांचे आकडे वेळोवेळी जाहीर करतं. पण नुसता गाबोरोनचा आकडा बघू नका. लेत्सिबोगो आणि डिकखाट्लॉन्ग किती आहेत ते बघा, तुमच्या नळाचं भवितव्य तिथे जास्त आहे. आणि महिना बघा. एप्रिलमधले ४० टक्के आणि ऑक्टोबरमधले ४० टक्के हे दोन वेगळे आकडे आहेत: पहिल्यापुढे सात कोरडे महिने आणि ऊन उभं असतं, दुसऱ्यापुढे निदान ढग असतात.

उलटंही होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एवढा पाऊस झाला की गाबोरोनचे रस्ते पाण्याखाली गेले, माणसं दगावली. कोरड्या देशात पूर येत नाही, या समजुतीने ओढ्यात गाडी घालू नका.

गणपतीचं विसर्जन धरणात करता येतं का?

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. नाही. ते पिण्याचं पाणी आहे, आणि मगरींचं वर सांगितलंच आहे.

शिवाय इथे भाद्रपद म्हणजे कोरड्या ऋतूचं शेवटचं टोक. एप्रिलपासून पाऊस नसतो, नदीत वाळू, अंगणात धूळ. आम्ही शाडूची लहान मूर्ती करतो. अनंत चतुर्दशीला अंगणात मोठं घमेलं ठेवतो, जोजोतून अर्ध्यापर्यंत पाणी भरतो, आरती होते. मूर्ती विरघळायला दुसरा दिवस उजाडतो. शेजारच्या म्मा येतात, प्रसादाचा मोदक घेतात आणि घमेल्यात डोकावून बघतात की देव कुठवर गेला. मग ते मातीचं पाणी लेक तांब्याने लिंबाच्या आळ्यात ओतते. गेल्या वर्षी लिंबाला एवढी फळं लागली की म्मांच्या घरीही लोणचं गेलं.